दिवस गेलेत आणि दाढ ठणकतेय: पहिल्या तीन महिन्यांत काय करून घ्यायचं, काय थांबवायचं

टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि नेमकी दाढ दुखायला लागली, आता काय करू, हा प्रश्न मला डेंटिस्ट म्हणून सारखा येतो. विचारणारी बहुतेक वेळा कित्येक रात्री जागून काढल्यावरच विचारते, कारण घरात कुणीतरी सांगितलेलं असतं की तीन महिने दाताला हात लावायचा नाही. मग लवंग तेल, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग गाल सुजला की धावपळ. तर आधी महत्त्वाचं सांगून टाकते. दुखणारा, पू झालेला, सुजलेला दात गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात दाखवता येतो आणि त्यावर इलाज करता येतो, पहिल्या तीन महिन्यांतसुद्धा. तीन महिने थांबायचा नियम आहे तो ज्या कामांची घाई नाही त्यांच्यासाठी, दुखण्यासाठी नाहीये. हे मी मनाचं सांगत नाहीये, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीओजीने, २०१३ मध्येच लेखी सांगितलंय की गरोदरपणात दातांची तपासणी, एक्सरे आणि सुन्न करून केलेले उपचार सुरक्षित आहेत आणि तातडीचं काम लांबवू नये.

मग तीन महिन्यांची एवढी भीती कुठून आली? पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय तयार होत असतात, त्यामुळे या काळात जी औषधं टाळता येतील ती टाळायची, आणि हे बरोबरच आहे. दुसरं कारण जरा वेगळं आहे. गर्भपात जे होतात ते बहुतेक याच तीन महिन्यांत होतात, समजलेल्या दर शंभर गरोदरपणांत साधारण दहा ते वीस, आणि त्यातले निम्म्याहून जास्त गर्भातल्या गुणसूत्रांच्या बिघाडामुळे होतात, त्यात आईने काय केलं काय नाही याचा संबंध नसतो. पण समजा मंगळवारी दात काढला आणि शुक्रवारी ब्लीडिंग सुरू झालं तर सगळं घर दाताकडेच बोट दाखवणार, सासरचेही आणि माहेरचेही. ही भीती डॉक्टरांनाही असते, म्हणून कित्येक जण तपासायच्या आधीच "तीन महिन्यांनी या" सांगून मोकळे होतात. माझ्या मते हे चुकीचं आहे, कारण दाढेतला पू तीन महिने वाट बघत बसत नाही.

आधी आपलं काम कुठल्या गटात बसतं ते बघा

लगेच करायचं काम म्हणजे रात्री झोपू न देणारी कळ, गरम लागलं की उठणारी आणि मग कितीतरी वेळ न थांबणारी कळ, हिरडीवर पुवाची पुळी, गालावर सूज, दात तुटून आतली नस उघडी पडलेली, अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजून तोंड उघडायला त्रास होतोय. यातलं काहीही असेल तर कितवा आठवडा चालू आहे हे बघत बसू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवा.

थांबता येण्यासारखं काम म्हणजे कीड लागलीये पण दुखत नाही, जुनी फिलिंग थोडी तुटलीये, अन्न अडकतं, कॅप बसवायची राहिलीये. याला १४ ते २० आठवड्यांचा काळ सगळ्यात सोयीचा, उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोट अजून एवढं मोठं नसतं की खुर्चीत पाठीवर पडल्यावर चक्कर यावी. फक्त थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. सहाव्या महिन्यात, सातव्या महिन्यात करू असं करत डिलिव्हरी होते आणि मग बाळ लहान आहे म्हणून अजून वर्ष जातं, तोवर जिथे साधं फिलिंग पुरलं असतं तिथे रूट कॅनल लागतं.

डिलिव्हरीनंतरच करायचं ते म्हणजे दात पांढरे करून घेणं, इम्प्लांट, नवीन ब्रेसेस, दिसण्यासाठीची कामं, अजिबात न दुखणारी आडवी अक्कलदाढ. आणि जुनं चांदीचं फिलिंग असेल तर या काळात ते मुद्दाम उकरून काढू नका. त्यात पारा असतो म्हणून काही जणी घाबरून बदलायला येतात, पण काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते, नीट बसलंय तर राहू द्या. नवीन मात्र चांदीचं भरून घेऊ नका, अमेरिकेच्या औषध-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे एफडीएनेही, २०२० मध्ये गरोदर बायकांसाठी ते टाळायलाच सांगितलंय, दाताच्या रंगाचं फिलिंग मागा.

जायच्या आधी

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा की दिवस गेलेत. अजून कुणाला सांगितलं नसेल, घरात तीन महिने गुपित ठेवायचं ठरलं असेल, तरी डेंटिस्टला सांगायचंच. वेटिंगमध्ये शेजारच्या काकू बसल्यात म्हणून सांगायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, ते चालतं. टेस्ट केली नाहीये पण पाळी चुकलीये एवढं असलं तरी तेही सांगा, त्यावरून आम्ही औषध बदलतो.

सोबत गायनॅकची फाइल किंवा माता-बाल संरक्षण कार्ड न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत टाका. हे मी कळकळीने सांगतेय कारण हल्ली सुरुवातीलाच बऱ्याच जणींना इकोस्प्रिन चालू असते, काहींना पोटात घ्यायची हेपारिनची इंजेक्शन असतात, ही दोन्ही रक्त पातळ ठेवणारी औषधं आहेत आणि दात काढायचा असेल तर डेंटिस्टला ते माहीत असायलाच हवं. पण म्हणून स्वतःच्या मनाने आदल्या दिवशी इकोस्प्रिन बंद करू नका, ते गायनॅक ठरवणार. थायरॉइडची गोळी, प्रोजेस्टेरॉनची गोळी, बीपी, शुगर, आधी गर्भपात झालेला आहे का, आयव्हीएफची प्रेग्नन्सी आहे का, आत्ता स्पॉटिंग होतंय का, हे पण सांगा. स्पॉटिंग चालू असेल किंवा गायनॅकने बेडरेस्ट सांगितली असेल तर डेंटिस्टना गायनॅकशी फोनवर बोलायला सांगा, दोन मिनिटांचं काम असतं आणि नंतर कुणाच्या मनात शंका राहत नाही. बाकी नॉर्मल चालू असेल तर साध्या फिलिंगसाठी किंवा क्लीनिंगसाठी गायनॅकच्या लेखी परवानगीची गरज नसते, तरी तुमच्या समाधानासाठी विचारून घ्यायला हरकत नाही.

वेळ अशी घ्या की त्या वेळेला मळमळ कमी असते. बहुतेकींना सकाळी जास्त होतं म्हणून दुपारची किंवा संध्याकाळची वेळ बरी पडते, पण तुमचं तुम्हाला माहीत. उपाशी जाऊ नका, थोडंसं खाऊन जा, पोट रिकामं असलं की घाबरल्यामुळे आणि इंजेक्शनमुळे चक्कर येते. घशात काही गेलं की लगेच उमासे येत असतील तर आधीच सांगून ठेवा, मग खुर्ची जरा उभी ठेवतात, मधे मधे थांबतात. हात वर केला की थांबायचं असं ठरवून घ्या.

सुन्न करायचं इंजेक्शन

सगळ्यात जास्त भीती याची असते आणि त्या मानाने यात घाबरण्यासारखं सगळ्यात कमी आहे. दातासाठी वापरतात ते लिग्नोकेन. हेच औषध डिलिव्हरीच्या वेळी खाली टाके घालताना सुन्न करायला वापरतात, म्हणजे गायनॅकच्या रोजच्या वापरातलं आहे. त्यात थोडं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, नाव ऐकून दचकायला होतं पण त्याचं काम हे की औषध हिरडीतच राहावं आणि रक्तात कमी जावं, म्हणजे ते आपल्या फायद्याचंच आहे. बीपी वाढलेलं असेल तर मात्र सांगा. आणि बाळासाठी म्हणून सुन्न न करताच दात काढून घ्यायचा हट्ट करू नका, भयंकर दुखतं, अंगावर ताण येतो, त्या दुखण्याने तुमच्या शरीरात जेवढं ॲड्रेनॅलिन तयार होतं ते इंजेक्शनमधल्यापेक्षा जास्त असू शकतं. पूर्ण भूल देऊन करायची कामं आणि हसवणारा गॅस मात्र पहिल्या तीन महिन्यांत टाळतात.

एक्सरे

दाढेचा छोटा एक्सरे काढल्याशिवाय पू कुठपर्यंत गेलाय, मूळ किती लांब आहे ते कळत नाही, आणि न बघता केलेलं काम चुकू शकतं. आता आकडे सांगते कारण नुसतं "काही होत नाही" म्हटलं की कुणाचंच समाधान होत नाही. एका दाढेच्या डिजिटल एक्सरेचा डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) असतो, आणि जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून आपल्याला रोज नैसर्गिकरीत्या सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे एक दिवस जगण्याएवढं. त्यातही किरणं जबड्यावर सोडलेली असतात, पोटापर्यंत पोचतं ते ०.०१ मिलिग्रेपेक्षाही (हेही किरणांचंच एक माप) कमी, आणि गर्भाला अपाय होण्याची चिंता डॉक्टर करतात ती ५० मिलिग्रेच्या पुढे. शिशाचा एप्रन आपल्याकडे घालतात, अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर २०२४ मध्ये सांगितलं की डोसच एवढा कमी आहे की दातांच्या एक्सरेला एप्रनची गरजच नाही, पण घातल्याने मनाला बरं वाटत असेल तर मागून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. ज्याची आत्ता गरज नाही असा एक्सरे, जसं की ब्रेसेससाठी पूर्ण जबड्याचा फोटो किंवा थ्रीडी स्कॅन, तो मात्र पुढे ढकला.

दुखणाऱ्या दाढेचं नेमकं काय करतात

रूट कॅनल लागणार असेल तर पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक वेळा ते दोन टप्प्यांत करतात. आत्ता दाढ उघडून आतली सडलेली नस काढतात, पू वाहून जाऊ देतात, आत औषध ठेवून वरून तात्पुरतं सिमेंट लावतात. एवढ्यानेच कळ जाते. उरलेलं काम आणि कॅप चौथ्या-पाचव्या महिन्यात. लांबच लांब सिटिंगपेक्षा हे बरं पडतं, कारण उलट्यांच्या दिवसांत तासभर तोंड उघडं ठेवून पडणं हीच मोठी शिक्षा असते. तात्पुरतं सिमेंट म्हणजे काम झालं असं समजू नका, ते झिजतं आणि आत परत घाण जाते.

दात वाचण्यासारखा नसेल आणि त्याच्याखाली पू असेल तर काढतातही. पू बाहेर काढणं हाच खरा इलाज असतो, नुसत्या अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक खाऊन दुखणं दाबत राहणं हा गरोदरपणातला सगळ्यात वाईट मार्ग, औषधही पोटात जातं आणि दातही तसाच राहतो.

गोळ्या, आणि इथेच खरी काळजी घ्या

दाताच्या खुर्चीत बसल्याने बाळाला त्रास झाल्याचं मी पाहिलेलं नाही, पण डेंटिस्टकडे जायच्या आधी घरात ज्या गोळ्या खाल्ल्या जातात त्यांची मला फार काळजी वाटते. दाढदुखीला लोक सर्रास कॉम्बिफ्लाम, केटोरॉल डीटी, झिरोडॉल, निमेसुलाइड, डायक्लोफेनॅक असं काहीही मेडिकलमधून मागून खातात. मेडिकलवाल्याला माहीत नसतं की दिवस गेलेत, आणि बऱ्याचदा गोळ्या आणायला नवरा किंवा दीर गेलेला असतो. या सगळ्या गोळ्या गरोदरपणात स्वतःहून घ्यायच्या नाहीत. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० ची एक, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास, दिवसात चारच्या वर नाही, आणि तीही डॉक्टरकडे पोचेपर्यंतची सोय म्हणून. पाकिटावर पॅरासिटामॉलबरोबर अजून एक नाव असेल तर ते कॉम्बिनेशन आहे, परत करा. लिव्हरचा काही त्रास असेल तर पॅरासिटामॉलही विचारूनच.

अँटिबायोटिक लागलंच तर अमॉक्सिसिलिन गरोदरपणात चालतं, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर सांगा, दुसरे पर्याय आहेत. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिनच्या जातीची कुठलीही गोळी नको, ती पुढच्या महिन्यांत घेतली तर बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं कॉम्बिनेशन आपल्याकडे दातालाही देतात आणि जुलाबालाही, घरात उरलेलं असतं, ते खाऊ नका. मेट्रोनिडाझोल गरज पडली तर देतात, पण पहिल्या तीन महिन्यांत बरेच डॉक्टर हात राखून देतात, डेंटिस्टनी लिहून दिलं तर एकदा गायनॅकला दाखवून घ्या.

घरगुती म्हणाल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कितीही वेळा करा. लवंग तेल कापसावर थेंबभर घेऊन नुसत्या किडीच्या खड्ड्यात, हिरडीला लागलं तर भाजतं, आणि गिळायचं नाही. दुखऱ्या दाढेवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं, तंबाखू धरणं, मिश्री लावणं हे अजिबात नको. मिश्रीबद्दल थोडं जास्त बोलते कारण आपल्याकडे गावोगावी बायका दात घासायला म्हणून मिश्री लावतात, दिवस गेल्यावर मळमळ थांबते म्हणून उलट जास्त लावतात, आणि घरात कुणाला ते व्यसन वाटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचं निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं आणि बाळाचं वजन कमी भरतं. दाताच्या कुठल्याही इंजेक्शनपेक्षा ही गोष्ट कितीतरी जास्त धोक्याची आहे, आणि एकदम सुटत नसेल तर आशाताईला, डॉक्टरला सांगा, लपवू नका.

दवाखान्यात लगेच पळायचं कधी

सूज गालावरून जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरतेय, गिळता येत नाही, तोंड दोन बोटं सुद्धा उघडत नाही, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, डोळ्याखाली सूज चढतेय, थंडी वाजून ताप येतोय. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलला जा, रात्र असली तरी. असा संसर्ग घशात उतरला तर आईच्या जिवावर बेततं, आणि पहिल्या तीन महिन्यांत जास्त ताप चढू देणं बाळासाठीही चांगलं नाही. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका.

माहीत नव्हतं तेव्हाच काम झालं, आता?

पाळी चुकायच्या आधीच एक्सरे झाला, दात काढला, आठवडाभर गोळ्या खाल्ल्या आणि नंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली, हे खूप जणींचं होतं, आणि त्या रात्ररात्र रडतात. एक्सरे आणि इंजेक्शनची चिंता वर सांगितलेल्या कारणांसाठी सोडून द्या. राहिल्या गोळ्या. कुठली गोळी, किती दिवस, कुठल्या तारखेपासून ते कागदावर लिहा आणि पहिल्याच भेटीत गायनॅकला द्या. पाळीच्या तारखेपासून चार आठवड्यांच्या आतलं असेल तर त्या वेळी अवयव बनायला सुरुवातच झालेली नसते, आणि चार-पाच दिवस घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी बाळात दोष येण्याची शक्यता फारच कमी असते. दाताच्या एक्सरेमुळे किंवा दात काढल्यामुळे मूल पाडायला सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. त्यासाठी गर्भपात करायचं कुठलंही वैद्यकीय कारण नाही.

रोजचं

हिरड्यांतून रक्त येणं या दिवसांत वाढतं, हार्मोन्समुळे हिरड्या थोड्याशा घाणीनेही सुजतात. रक्त येतं म्हणून ब्रश बंद केला की अजून वाढतं. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोनदा. पेस्टच्या वासाने मळमळत असेल तर पेस्ट बदला किंवा मटाराएवढीच घ्या. क्लीनिंग पहिल्या तीन महिन्यांतही करता येतं, त्याने दात सैल होत नाहीत, कीट निघाल्यावर फटी मोकळ्या वाटतात एवढंच. कधी कधी दोन दातांमध्ये हिरडीचा लाल गोळा वाढतो, ती गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतर आपोआप बसते, तरी दाखवून घ्या.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, पोटातल्या ॲसिडने दाताचं वरचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं आणि ब्रशने ते घासलं जातं. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. चिंचा, कैऱ्या, आवळकंठी सारखं तोंडात धरून बसू नका, खायचंच तर एकदा खा आणि चूळ भरा. आणि बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम खेचून घेतं हे खरं नाही, दाताचं कॅल्शियम असं निघत नाही. दात किडतात ते उलट्या, सारखं थोडं थोडं खाणं आणि ब्रशचा कंटाळा यामुळे.

एक अभ्यास सांगते, कारण हिरड्यांच्या उपचाराला घाबरणाऱ्या फार आहेत. अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर झालेला आणि २००६ मध्ये छापून आलेला. निम्म्या जणींचं हिरड्यांचं खोल क्लीनिंग २१ आठवड्यांच्या आत केलं, बाकीच्यांचं डिलिव्हरीनंतर. क्लीनिंग केलेल्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची डिलिव्हरी वाढली नाही. कमीही झाली नाही, तेही खरं, म्हणजे हिरड्या साफ केल्या की डिलिव्हरी वेळेवर होईल असं कुणी सांगत असेल तर तसा पुरावा त्यात मिळाला नाही. पण उपचार सुरक्षित होता. ते क्लीनिंग तेराव्या आठवड्यानंतरचं होतं, म्हणूनच मीही न दुखणारी कामं तिथपर्यंत नेते.

खर्चामुळे थांबला असाल तर सरकारी डेंटल कॉलेजला जा. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात आहे, पालिकेचं नायर डेंटल मुंबई सेंट्रलला आहे, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहे, गोव्यात बांबोळीला. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, म्हणून खायला काहीतरी बरोबर ठेवा आणि केसपेपर काढतानाच गरोदर आहे हे सांगा.

काम झाल्यावर डेंटिस्टची चिठ्ठी गायनॅकच्या फाइलमध्ये लावा, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर कुठलं इंजेक्शन, कुठली गोळी ते तिथेच सापडतं. आणि घरी जायच्या आधी, तिथेच, पाळीच्या पहिल्या दिवसापासून १४ आठवडे मोजून पुढची तारीख घेऊन ठेवा, तात्पुरतं सिमेंट असेल तर नक्कीच. मधल्या काळात सिमेंट पडलं, परत कळ आली किंवा सूज दिसली तर त्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, सरळ फोन करा.